हार न घातलेला फोटो

आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर फोटोंची एक ओळ होती. घर शहापूरचं, म्हणजे बेळगावातल्या शहापूरचं. कोल्हापुरातही एक शाहूपुरी आहे म्हणून सांगून ठेवते. पणजोबा पगडीत, थोरले आजोबा बंद गळ्याच्या कोटात, आणि एका चुलत आजीचा फोटो तर तिच्या तेराव्याआधी व्हायला हवा म्हणून इतक्या घाईनं रंगवून घेतलेला, की त्यात तिचे डोळे निळसर आलेत. दसऱ्याच्या आधी सगळे फोटो खाली उतरायचे. चुलीतल्या राखेनं काचा पुसायच्या, कोरड्या फडक्यानं लख्ख करायच्या आणि नवे हार घालायचे. हे काम आम्हा पोरांचं. बदल्यात कुंद्याचा एकेक गोळा.

त्या ओळीत गोदाक्का नव्हती.

गोदाक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. निपाणीला दिलेली, तंबाखूच्या वखारवाल्यांत. विसाव्या-एकविसाव्या वर्षी गेली. साल १९४६ असेल किंवा ४७. बनूआत्या म्हणायची, ‘स्वातंत्र्याच्या आदल्या पावसाळ्यात’, आणि वडील ठामपणे एक वर्ष नंतरचं सांगायचे. दोघांचं यावरून दर गणपतीला वाजायचं. कशानं गेली यावर मात्र वाद व्हायचा नाही, कारण तो विषयच निघायचा नाही. आजीला विचारलं तर एकच शब्द यायचा, ‘ताप’. एक काकू दबक्या आवाजात म्हणायची, ‘अडली होती गं.’ आणि पुष्कळ वर्षांनी, माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण झाल्यावर, मला अळिवाची खीर भरवता भरवता बनूआत्यानं तिसरी हकिकत सांगितली. पाच वर्षांत चौथ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन राहिली नव्हती, तिसरा मुलगा पाळण्यात. डॉक्टरनं सांगितलं होतं, आता काही वर्षं नको, अंगात रक्त नाही हिच्या. मग कुणी तरी कसला तरी काढा दिला. सासूनं दिला की गोदाक्कानंच कुणाकडून मागवला, हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची, स्वैपाकघराच्या दाराआड उभी राहून जेवढं कानावर पडलं तेवढंच तिच्यापाशी. त्यातली काही वाक्यं तिनं मागून जोडलेली असणार, आणि काही मी.

‘ताप’ हे तसं खोटं नव्हतं म्हणा. अशा काढ्यानंतर तापच येतो. शिवाय इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडविधानात ३१२ नंबरचं कलम होतं. गर्भ पाडणारा गुन्हेगार, आणि ज्या बाईनं स्वतःहून पाडून घेतला तीही गुन्हेगार. घरात पोलीस येण्यापेक्षा ताप आलेला बरा, असा तो हिशेब.

निपाणीहून तिचं गाठोडं परत आलं. दोन इरकली लुगडी, चार-पाच खण, आणि एक कापड, ज्यावर तिनं कसुती भरायला घेतली होती. तुळशीवृंदावन अर्धं झालेलं. आजीचं माहेर मागवाल्यांचं. खासबागेत तिच्या वडिलांचे हातमाग होते, त्यामुळे कापडाचा तुकडा तिच्या हातून कधी वाया जायचा नाही. लुगडी जुनी झाली की त्यांची दुपटी, दुपट्यांचे लंगोट, लंगोट अगदी विरले की वाकळेच्या पोटात. गोदाक्काची दोन्ही लुगडी पुढं वाकळेत गेली. ती वाकळ मी पांघरलीय. खणांचं काय झालं, ते सांगायला आधी आजोबांकडे जावं लागेल.

आजोबा शाळामास्तर. घरी केसरी यायचा, आणि केसरीच्या घडीत लपून आणखी एक मासिक यायचं. ‘समाजस्वास्थ्य’. रघुनाथ धोंडो कर्व्यांचं. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईला विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. बाईला किती मुलं व्हावीत आणि कधी व्हावीत हे ठरवायला साधनं वापरावीत, असं उघडपणे सांगणारा तो प्राध्यापक कॉलेजला जड झाला आणि १९२५ ला त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी हे मासिक काढलं आणि १९५३ च्या ऑक्टोबरात ते वारले तोवर जवळजवळ एकहाती चालवलं. मासिकाच्या मुखपृष्ठावर उघड्या बाईचं चित्र किंवा फोटो. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं: शरीरात लाजण्यासारखं काही नाही, आणि ज्याची लाज वाटते त्याबद्दल माणूस काही शिकत नाही. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. दंड व्हायचा तो झालाच. पुढं १९३८ ला बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठरावही आला, तोही पडला.

तर त्या मुखपृष्ठांमुळे आजोबा मासिक लपवून वाचायचे. आजीला वाचता येत नव्हतं, पण चित्र काय, ते सगळ्यांनाच वाचता येतं. एकदा तिच्या हाती गठ्ठा लागला आणि तीन दिवस घरात अबोला. हे सगळं गोदाक्का जाण्याआधीचं.

गोदाक्का गेल्यावर, महिना गेला असेल की वर्ष, आजीनं स्वतः तो गठ्ठा ट्रंकेतून काढला आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवला. ‘काय लिवलंय ते मोठ्यानं वाचा,’ म्हणाली. आजोबांनी वाचलं. रात्री जेवणं झाल्यावर, पोरं झोपली असं धरून. बनूआत्या झोपलेली नव्हती, हे वेगळं. ती सांगायची की आजी मधेच थांबवून तोच परिच्छेद पुन्हा वाचायला लावायची, आणि आजोबांना इंग्रजी शब्द उच्चारताना घाम फुटायचा.

मग आजीनं एक काम केलं. गोदाक्काच्या खणांपैकी एक घेतला, हिरवा, तांबड्या काठाचा, आणि त्या अंकांच्या गठ्ठ्याला त्याचं झबलं शिवलं. पाठीला बंद, पुढं चोळीसारखी गाठ. पोरांच्या नजरेला ती चित्रं पडू नयेत म्हणून शिवलं, असं ती सांगायची. त्या उघड्या बायकांना गोदीची चोळी घातली तिनं, असं बनूआत्या म्हणायची. मी तो गठ्ठा पाहिलाय. खण काठाशी आकसलेला, गाठीपाशी तेलकट झालेला. म्हणजे ती गाठ पुष्कळ वेळा सुटली असणार. शेजारपाजारच्या बायकांना आजी तो द्यायची. भाजीच्या पिशवीत घालून, वर मेथीची जुडी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बनूआत्या वाचून दाखवायची. लग्न न झालेल्या मुलीनं हे वाचावं का, असं एका शेजारणीनं विचारलं तेव्हा आजी म्हणाली म्हणे, ‘लगीन झालेलीनं न वाचून बघितलं की.’

आईच्या काळात शब्द बदलले. लूप आलं, लाल त्रिकोण आला. बसच्या पाठीवर, दवाखान्याच्या भिंतीवर चार हसरे चेहरे आले. १९७१ साली संसदेनं गर्भपाताचा कायदा केला. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष मुंबईचे शांतिलाल शाह. गोदाक्काला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. आणीबाणीत मात्र सगळं उलटं फिरलं. नको ती मुलं टाळायची मुभा मागणाऱ्यांच्या जागी माणसं नसबंदीला ओढून नेणारे आले. आमच्या एका मास्तर मामांचा पगार ‘केसेस’ आणल्या नाहीत म्हणून अडकला होता. त्यांनी शेवटी सत्तरीच्या एका म्हाताऱ्याला चहा-भजी देऊन राजी केलं, आणि तो ऐन वेळी भजी खाऊन पसार झाला. घरात ही गोष्ट हसण्यावारी सांगत. मामा स्वतः कधी हसलेले मला आठवत नाहीत.

नंतर सोनोग्राफी आली, आणि तिचं काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या समोर आहे. मुलगी असली तर नको. मुंबईतल्या बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा आला १९९४ ला. बाईचा हक्क म्हणून जे मिळालं तेच बाईच्याच मुळावर आलेलं मी माझ्या नात्यागोत्यात पाहिलंय. त्यामुळे या विषयावर छातीठोक बोलणारी माणसं भेटली की मी जरा सावरून बसते.

आता २०१२.

नोव्हेंबरातली सकाळ. बेळगावातल्या सगळ्या पेपरांत, मराठी काय कानडी काय, एकच फोटो. सविता हलप्पनवार. एकतीस वर्षांची, कपाळावर टिकली, हसरा चेहरा, दाट केस. बेळगावात वाढलेली, इथंच दातांची डॉक्टरकी शिकलेली, नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेलेली. सतरा आठवड्यांची गर्भार असताना गॉलवेच्या इस्पितळात गेली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग तो काढून टाका, असं तिनं पुन्हा पुन्हा विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर या देशात ते करता येत नाही, हे उत्तर. हा कॅथलिक देश आहे, असंही तिला सांगण्यात आलं. ते बोलल्याचं पुढं चौकशीत एका सुईणबाईंनी कबूल केलं. गर्भ गेला, विष रक्तात पसरलं, आणि २८ ऑक्टोबरला सविता गेली. आपल्याकडे एक्केचाळीस वर्षांपूर्वी जो कायदा झाला होता, तो तिथं नव्हता. ‘पुढारलेला’ देश म्हणून ती तिथं गेलेली.

आमच्या गावात भाषेवरून डोकी फुटतात, पाट्या फुटतात. सविता कानडी घरची. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत तिला सगळे ‘आमची पोर’ म्हणत होते. एरवीचं भांडण नंतर पुन्हा सुरू झालं, पण त्या आठवड्यात नव्हतं.

बनूआत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, एक राहिलेलं. पेपर डोळ्याशी धरून तिनं तो फोटो किती तरी वेळ पाहिला. ‘हिलाबी तापच की गं,’ एवढंच म्हणाली. मग कात्रीनं फोटो कापला आणि शिवणाच्या मशिनीवरच्या भिंतीला टाचणीनं लावला. दोन दिवसांनी माझ्या भावजयीनं, चांगल्या मनानंच, देवाचा उरलेला शेवंतीचा गजरा त्यावर अडकवला. आत्यानं उठून तो काढला.

‘हार नको. हार घातला की माणूस संपतंय. मग कोण काय इचारत न्हाई.’

सहा वर्षांनी, २०१८ च्या मे महिन्यात, मी डब्लिनला होते. मुलगी तिथं नोकरीला. नातवाला सांभाळायला माझी तीन महिन्यांची वारी. विमानतळावरून येताना रस्त्यातल्या खांबाखांबांवर पाट्या. एका खांबावर ‘हो’, दुसऱ्यावर ‘नाही’. आणि कितीतरी खांबांवर सविता. तोच फोटो. परमुलखात टॅक्सीच्या काचेतून आपल्या गावची पोर खांबावरून हसते आहे, हे पाहून माझ्या पोटात काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. लेकीनं हात धरला होता.

आयर्लंडनं १९८३ साली सार्वमत घेऊन राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली होती. आईचा जीव आणि पोटातल्या गर्भाचा जीव, दोन्ही सारख्याच किमतीचे. ऐकायला बरं वाटतं. इस्पितळातल्या खाटेवर त्याचा अर्थ काय होतो, हे सवितानं दाखवलं. ती दुरुस्ती काढायची की नाही याचं मतदान २५ मे २०१८ ला होतं.

लेकीच्या शेजारी एक आयरिश आजी राहायच्या. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. त्या तुकडे जोडून गोधड्या शिवायच्या, आणि माझं इंग्रजी जेवढं, तेवढ्यावर आमची मैत्री जमली. टाक्याला भाषा लागत नाही. त्यांच्या गोधड्यांत तुकडे पट्टीनं मोजून कापलेले, कोनात कोन. आमच्या वाकळेत तुकडा जसा आला तसा बसतो. त्यांना ते पटेना. मी त्यांच्या चहाबरोबर घरून नेलेले करदंट द्यायचे, ते मात्र लगेच पटले.

त्यांनी मला रेल्वेची गोष्ट सांगितली. आयर्लंडात १९३५ च्या कायद्यानं गर्भनिरोधकं विकायला आणि बाहेरून आणायला बंदी होती. २२ मे १९७१ ला डब्लिनच्या काही बायका सकाळच्या गाडीनं बेलफास्टला गेल्या. बेलफास्ट ब्रिटनच्या राज्यात, तिथं हे सगळं दुकानात मिळे. बेत असा, की गोळ्या विकत घ्यायच्या आणि परतताना कस्टमच्या लोकांसमोर उघड नाचवायच्या, बघू अटक करता का. पण बेलफास्टचा औषधवाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या देईना. मग त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटं घेतली! कस्टमवाल्या बाप्यांना काय कळतंय गोळी कसली ते. संध्याकाळी कॉनोली स्टेशनवर त्या पाकिटं हलवत उतरल्या, लोक टाळ्या पिटत होते, कुणालाही अटक झाली नाही. शेजारच्या आजी त्या गाडीत नव्हत्या. फलाटावरच्या गर्दीत होत्या, असं त्या म्हणायच्या. त्यांची मुलगी हळूच म्हणाली की आईनं ते दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिलं असावं. असू दे. माझ्या मनात त्या फलाटावरच आहेत. आणि मनात हेही आलं, की आमची आजी मेथीच्या जुडीखाली जे पाठवत होती, त्यासाठी या बायकांना पंचवीस वर्षांनी गाडी पकडावी लागली.

‘इंग्लंडला गेली’ असा त्यांच्याकडे एक वाक्प्रचार होता. आपल्याकडे ‘माहेरी गेलीय’ म्हणून वेळ मारून न्यायचे तसा. गर्भपातासाठी बोटीनं, पुढं विमानानं, इंग्लंडला जायचं आणि परत येऊन गप्प बसायचं. १९८० पासून सार्वमतापर्यंत दीड लाखाहून जास्त बायकांनी इंग्लंडच्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता लिहिला. शेजारच्या आजींच्या एका बहिणीनंही. ‘ताप,’ मी म्हणाले. अर्थात त्यांना ते कळलं नाही. मग मी त्यांना गोदाक्का सांगितली, आणि त्यांनी सुई खाली ठेवली.

त्या देशातल्या बायकांनी या गप्प बसण्यावर काय तोड काढली, ते मला फार मोठं वाटतं. एक्झाइल प्रोजेक्ट नावाचा एक उपक्रम २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाला. इंग्लंडला जाऊन आलेल्या बायका फोटोला बसल्या. चेहरा सरळ कॅमेऱ्याकडे, तोंड लपवलेलं नाही, पाठमोऱ्या नाहीत. लेकीनं ते फोटो मला एकेक करून दाखवले. शिक्षिका वाटावी अशी, बँकेतली वाटावी अशी, कुणाची तरी आजी वाटावी अशी. आपल्या पेपरात अशा बातमीशेजारी काय छापतात? अंधारात गुडघ्यात डोकं घातलेली बाई, नाही तर नुसते दोन हात. तिथं त्या आमच्या माजघरातल्या फोटोंसारख्या बसल्या होत्या. फक्त जिवंत होत्या.

आणि कापड. २०१६ साली ॲना कॉसग्रेव्ह नावाच्या तरुणीनं काळे स्वेटर काढले. छातीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, ‘रिपील’, म्हणजे रद्द करा. आधी मला वाटलं, ही पोरांची फॅशन. अंगावर लिहून कायदे बदलतात होय? पण एकदा नातवाला घेऊन बसमध्ये बसले होते. एक स्वेटरवाली मुलगी चढली. पुढच्या बाकावर दुसरी होती, ओळख नव्हती, तिनं नुसती मान हलवली. मागं एक मध्यमवयीन बाई साध्या कोटात बसली होती. ती त्या काळ्या पाठीकडे पाहत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. ती कोण, तिचं काय, काही माहीत नाही. पण ‘इंग्लंडला जाऊन’ आलेल्या बाईला तिच्या बसमध्ये आता कुणी तरी काही तरी सांगत होतं, तोंड न उघडता. स्वेटरबद्दल मी पुन्हा बोलले नाही.

चित्रकार मंडळींनी तर आणखी पुढची गोष्ट केली. ॲलिस माहेर, रेचल फॅलन, ब्रेडा मेयॉक यांनी मोठाल्या पताका शिवल्या, आणि एप्रिलमध्ये लिमरिक शहरात त्या पताका घेऊन बायकांची मिरवणूक निघाली. कॅथलिक देशात मिरवणूक म्हणजे देवाचीच. तोच थाट, पताका तशाच उंच, फक्त त्यांवर देवाची मूर्ती नाही. रेचल फॅलननं ॲप्रन शिवले होते. ॲप्रन म्हणजे घरकामाची खूण, आपल्याकडच्या खोचलेल्या पदरासारखी. बायका ओळीनं उभ्या राहायच्या आणि ॲप्रन उचलून धरायच्या. खालच्या बाजूला जे असायचं ते तेव्हा दिसायचं. हे मी शेजारच्या आजींकडून ऐकलं आणि फोनवर बनूआत्याला सांगितलं. आत्या कसुतीवाली. कसुतीत गवंती टाका असतो, तो दोन्ही बाजूंनी हुबेहूब दिसतो, उलट-सुलट कळत नाही; गाठ मारायची नाही, आणि बाई किती हुशार ते कापड उलटं करून ठरतं. ती म्हणाली, ‘आत एक, भाईर एक? मग त्ये आपल्याकडचंच की.’

विरुद्ध बाजूचंही सांगायला हवं. ‘नाही’च्या पाट्यांवर फोटोच होते, सोनोग्राफीतले, पोटातल्या बाळाचे. माझ्या लेकीची फिलिपिनो मैत्रीण ‘नाही’वाली होती. ती दुष्ट नव्हती. तिनं स्वतःचं सातव्या महिन्यातलं बाळ पाच आठवडे काचेच्या पेटीत जपून वाचवलं होतं, आणि ती पाटी पाहिली की तिला ते बाळ दिसायचं. माझ्या मनात वेगळंच यायचं. ज्या चित्राला इथं ‘जीव’ म्हणून खांबावर लावतात, तेच चित्र पाहून आमच्याकडे किती मुली पुसून टाकल्या. चित्र तेच. ते कोण पाहतं आणि कोण ठरवतं, यावर सगळं.

मतदानाच्या आदल्या दिवशी पोर्टोबेलोत एका भिंतीवर एक्स (Aches) नावाच्या चित्रकारानं सविताचं मोठं चित्र रंगवलं. वर ‘येस’ अशी अक्षरं. लोक येऊन त्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवू लागले. रंगीत, हातभर उंचीपासून ते हात पोहोचेल तिथवर. ‘आम्हाला माफ कर’, ‘उशीर झाला’, ‘तुझ्यासाठी’. शनिवारी, २६ तारखेला निकाल लागला. सहासष्ट टक्क्यांहून जास्त ‘हो’. १९८३ ला जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी ती दुरुस्ती आत आली होती. डब्लिन कॅसलच्या आवारात गर्दी तिचं नाव घेऊन ओरडत होती. ‘ट’ टणक, ‘सवीटा, सवीटा’. बेळगावात बसून तिच्या वडिलांनी मतदारांना विनंती केली होती की मुलीची आठवण ठेवा. त्यांनीच तिचा फोटो पाट्यांवर लावायला परवानगी दिलेली. माझ्या मते त्या सगळ्या लढाईतला सर्वांत कठीण होकार तो. पोटची पोर खांबाखांबावर लावू देणं. आम्हाला तर आमची माजघरातसुद्धा लावता आली नाही.

रविवारी मी आणि लेक भिंतीपाशी गेलो. तिथून आत्याला व्हिडिओ लावला. तिला एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं.

‘फोटोला हार हाय का?’

‘नाही आत्या. चिठ्ठ्या आहेत. हजारभर असतील.’

‘वाच की.’

मी वाचत गेले, मराठी करत. वारा होता. मधेच एखादी चिठ्ठी सुटून फुटपाथवर यायची, कुणी तरी उचलून पुन्हा चिकटवायचं. मीही एक लिहिली, देवनागरीत. ‘बेळगावहून आले आहे. गोदावरीकडूनही.’ त्या चिठ्ठ्या नंतर भिंतीवरून काळजीपूर्वक काढून डब्लिन शहराच्या ग्रंथालयानं आपल्या दप्तरात जपून ठेवल्या. माझी पावसात गेली नसेल तर तिथं असेल. १ जानेवारी २०१९ पासून तिथल्या इस्पितळांत नवा कायदा लागू झाला.

बनूआत्या २०१८ सालीच, दिवाळीनंतर गेली. झोपेत, म्हातारपणानं, असंच खरं. तिचं कपाट आवरताना मला खणात बांधलेला गठ्ठा सापडला. अंक कसरीनं खाल्लेले, खण धड. आता तो माझ्याकडे आहे. दोन वर्षांनी अर्जेंटिनात हिरवे रुमाल बांधलेल्या बायकांनी असाच कायदा करून घेतला, ३० डिसेंबर २०२० ला. लेकीनं सांगितलं की त्या रुमालाची आजी म्हणजे १९७७ साली त्याच देशात हरवलेल्या मुलांच्या आयांनी डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल, आणि तो मुळात होता बाळाचा लंगोट. आमच्या आजीला हे ऐकायला मिळायला हवं होतं. लंगोट विरला की वाकळेतच जातो, अशी तिची समजूत होती.

एक विनंती करून थांबते. बनूआत्याच्या सांगण्याप्रमाणे गोदाक्काचा फोटो एकदाच निघाला, लग्नाच्या आधी, शहापुरातल्या मुलींच्या मराठी शाळेत, १९३८ ते ४० च्या सुमारास. सगळ्या वर्गाचा मिळून. मधे खुर्चीवर बाई, मागं कौलारू ओसरी. गोदाक्का दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरी की चौथी, दोन वेण्या पुढं घेतलेल्या, आणि फोटोवाल्यानं ‘हलू नका’ म्हटल्यावर नेमकी हललेली, म्हणून चेहरा थोडा पुसट. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणाच्या आजीच्या ट्रंकेत असा फोटो असेल तर मला कळवा. मूळ फोटो नको, त्याची प्रत पुरे.

हार घालणार नाही.